छातीतले दुखणे आणि मोडलेली झोप: हृदयतज्ज्ञाकडे कधी पाठवायचे, ते एका पानावर लिहून द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

‘रात्री छातीत जड होते, झोप लागत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेला माणूस आजही अनेकदा पित्ताची गोळी आणि झोपेची गोळी घेऊन घरी परततो. बऱ्याच जणांना खरोखर पित्तच असते. पण ज्यांना नसते, त्यांना ओळखायचे कसे आणि नेमके कुठे, किती वेळात पाठवायचे, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मराठीत, एका पानावर लावलेले असावे, ही आमची मागणी आहे.

त्या पानावर पहिली ओळ ईसीजीची, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखाची, हवी. छातीत दुखणारा रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे, केसपेपर नंतर. यंत्रे पुष्कळ केंद्रांत आहेत, पण अडते ते साध्या गोष्टींवर. कागदाची गुंडाळी संपलेली असते, जेल वाळलेले असते, किंवा ईसीजी काढणारी व्यक्ती संध्याकाळी घरी गेलेली असते. व्ही १ आणि व्ही २ हे ईसीजीचे छातीवरचे दोन इलेक्ट्रोड चौथ्या आणि पाचव्या बरगडीमधल्या जागेत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या-डाव्या कडेला लावायचे असतात. ते वर, दुसऱ्या-तिसऱ्या जागेत लागले, तर हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यासारखा खोटा आलेख दिसू शकतो. हातांच्या तारा उलट्या लागल्या, तर लीड १ ही आलेखातली ओळ उलटी दिसते. थर्मल कागदावरचा आलेख काही महिन्यांत पुसट होतो, म्हणून लगेच फोटो काढून ठेवावा. पुढच्या डॉक्टरांना जुन्या ईसीजीशी तुलना करता आली, तर निदान सोपे होते.

आणि सर्वांत घातक चूक म्हणजे पहिला ईसीजी ‘नॉर्मल’ आला म्हणून रुग्णाला घरी पाठवणे. झटक्याच्या सुरुवातीला आलेख चांगला दिसू शकतो. दुखणे चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायला हवा. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे ट्रोपोनिन हे प्रथिनही लगेच वाढत नाही. साध्या किटवर ते दिसायला दुखणे सुरू झाल्यापासून तीन ते सहा तास तरी जावे लागतात. त्याआधीच्या निगेटिव्ह चाचणीवर विसंबता येत नाही.

१०८ ताबडतोब कुणासाठी? छातीत दाब, आवळल्यासारखे, १५ मिनिटांहून अधिक. घाम, दम, उलटी, चक्कर. कळ जबड्यात, खांद्यात किंवा हातात उतरते. रुग्ण बोटाने एक जागा न दाखवता छातीवर मूठ ठेवून दाखवतो, हेही पाहावे. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रियांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसता दम, थकवा किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे असू शकते. अँटासिडने बरे वाटले म्हणून हृदयविकार नाही, असे ठरत नाही. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल, तर अ‍ॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्यावे. जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंद करणारी गोळी) मात्र आधी बीपी पाहूनच: वरचा आकडा ९० च्या खाली असेल किंवा रुग्णाने एक-दोन दिवसांत सिल्डेनाफिलसारखी लैंगिक ताठरतेची गोळी घेतली असेल, तर देऊ नये.

भामरागड किंवा धडगावसारख्या दुर्गम ठिकाणाहून १२० मिनिटांत कॅथलॅब (हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडण्याची सोय) गाठता येत नाही. तिथे, दुखणे १२ तासांच्या आतले असेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल, तर गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज वजनानुसार ३० ते ५० मिलिग्रॅम, आणि पंचाहत्तरीच्या पुढे निम्मे, द्यायला हवे. नंतर रुग्ण अँजिओग्राफीसाठी पाठवावाच. हे औषध ग्रामीण रुग्णालयातच उपलब्ध असावे, आणि ईसीजी फोनवर पाहून सल्ला देणारे हृदयतज्ज्ञ रात्रीही मिळावेत.

आता झोपेबद्दल. ओपीडीत ‘झोप येत नाही’ ऐकले की पुढचा प्रश्न विचारला जात नाही: जाग कशाने येते? झोपल्यावर एक-दोन तासांत श्वास कोंडून जाग येते, उठून बसल्यावर १५-२० मिनिटांत बरे वाटते, दोन-तीन उशा लागतात, पाय सुजतात, तर हृदय कमजोर झाल्याचा संशय घ्यावा; अशा रुग्णाला इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हृदयतज्ज्ञ काही दिवसांत मिळायला हवा, आणि बसूनही दम लागत असेल तर त्याच दिवशी. रात्री छातीत दुखून जाग येणेही तसेच गंभीर.

मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, दिवसा पेंग येणे ही स्लीप अ‍ॅप्नियाची लक्षणे आहेत. तीन औषधे, त्यात एक लघवीची, घेऊनही रक्तदाब उतरत नसेल तर याचा विचार करायलाच हवा. हा विकार अनियमित ठोक्यांशीही जोडलेला आहे. अशा माणसाला अल्प्राझोलाम हे झोप आणणारे औषध दिले, तर श्वास अधिकच मंदावू शकतो. घोरण्याची माहिती रुग्णापेक्षा शेजारी झोपणाऱ्याला असते, म्हणून घरच्यांनाही विचारावे. आशाताई ३० वर्षांवरील व्यक्तींचा जो फॉर्म भरतात, त्यात ‘घोरता का?’ आणि ‘श्वास कोंडून जाग येते का?’ हे दोन प्रश्न घालावेत.

चढावर किंवा भराभर चालताना दुखते आणि थांबल्यावर काही मिनिटांत बरे वाटते, अशांना दोन आठवड्यांत हृदयतज्ज्ञ मिळावा. तेच दुखणे नव्याने सुरू झाले, वाढत चालले किंवा बसल्याजागी येऊ लागले, तर त्याच दिवशी. दाबल्यावर, वळल्यावर दुखणारी एका बोटाएवढी जागा किंवा इतर कोणतेही लक्षण नसलेली नुसती निद्रानाशाची तक्रार यांना मात्र, ईसीजी ठीक असेल तर, केंद्रातच उपचार मिळावेत. हृदयतज्ज्ञांच्या रांगेत त्यांची भर घालू नये.

हे पान तयार करताना ग्रामीण भागातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि परिचारिकांना बरोबर घ्यावे. पान लागल्यावर ईसीजीचा कागद, जेल, अ‍ॅस्पिरिन आणि टेनेक्टेप्लेजचा साठा दर आठवड्याला तपासण्याचे आदेशही द्यावेत.

आपले,
सार्वजनिक आरोग्यसेवेतील काही डॉक्टर आणि परिचारिका