कंपवात आणि पाठीवरचा तीळ

महोदय,

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन, झालेल्यांना कर्करोगाचा धोका एकंदरीत कमी असतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत हे विशेष जाणवते. मात्र याला एक गंभीर अपवाद आहे आणि तो रुग्णांच्या घरच्यांना क्वचितच सांगितला जातो, याची मला खंत वाटते. मेलॅनोमा हा त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक आढळतो, तर मेलॅनोमा झालेल्यांनाही पुढे कंपवात होण्याची शक्यता वाढलेली दिसते.

एकेकाळी कंपवातावर दिल्या जाणाऱ्या लेव्होडोपा या औषधावर संशय घेतला गेला, कारण त्वचेतील रंगद्रव्य तयार होताना शरीरातही हाच पदार्थ बनतो. परंतु औषध सुरू होण्यापूर्वीही मेलॅनोमाचे प्रमाण जास्त आढळल्याने तो संशय टिकला नाही. त्यामुळे भीतीपोटी कोणीही हे औषध परस्पर बंद करू नये, ही कळकळीची विनंती. जनुकांमध्येही धागा सापडतो: 1998 साली ओळखले गेलेले पार्किन जनुक बिघडल्यास तरुण वयातच कंपवात होऊ शकतो आणि काही कर्करोगांच्या गाठींतही तेच जनुक निकामी झालेले आढळते.

माझ्या वडिलांचे हात थरथरतात, म्हणून सदरा मीच घालून देतो. त्यांच्या पाठीवरचा तीळ वेडावाकडा पसरून एका कडेला काळानिळा झाल्याचे तेव्हाच लक्षात आले. त्यांना स्वतःला तो दिसणे शक्यच नव्हते. कंपवाताच्या रुग्णांची त्वचा वर्षातून एकदा तरी त्वचारोगतज्ज्ञांनी तपासावी आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी तसे आवर्जून सुचवावे.

– एक वाचक