तुझा कार्यक्रम ऐकल्यानंतर

सांगली

चि. अजितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपल्या दोघांचेही आवाज चढले आणि बोलणे अर्धेच राहिले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. नोकरीचे दिवस निम्म्यावर आणून उरलेला वेळ लंडनच्या रेझोनन्स एफएम या रेडिओ केंद्राला द्यायचा, हा तुझा निर्णय पक्का झाला आहे आणि त्यावर पुन्हा वाद घालणार नाही, असा शब्द मी तुझ्या आईला दिला आहे. घरभाड्याचे तू पाहशील, एवढा विश्वास मला आहे. माझी काळजी वेगळी आहे. ज्या केंद्रावर कोणी शिकवत नाही आणि कोणी परीक्षाही घेत नाही, तेथे तुझी चूक तुला कोण दाखवणार?

तुझा कार्यक्रम मी मध्यरात्रीनंतर जागून इंटरनेटवर ऐकला. मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्याचा पुकारा तू ऐकवलास आणि त्यानंतर त्या वयस्कर गृहस्थांनी, नळाच्या जुन्या पाइपांपासून स्वतः घडवलेल्या वाद्यावर, त्याच पुकाऱ्याची लय धरली. त्यांना मराठीचा एक शब्दही येत नसणार, तरीही सौद्याची बोली कोठे थांबते आणि कोठे चढते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. मी तुझ्या आईला उठवले. कुसुमआत्याला सकाळी फोन केला, तेव्हा मला नीट बोलता येईना. मात्र पुकारणाऱ्याचा श्वास पुरा होण्याआधीच तू आवाज खाली नेलास, आणि निवेदन करताना तुझ्या वाक्याचा शेवट दर वेळी गिळला जातो. हे तेथे तुला कोणी सांगितले का?

या केंद्राविषयी मिळाले तेवढे मी वाचले. लंडन म्युझिशियन्स कलेक्टिव्ह या वादकांच्याच संस्थेने १९९८ मध्ये, रेडिओ निवेदक जॉन पील यांनी आखलेल्या मेल्टडाउन या संगीत महोत्सवाच्या काळात, तात्पुरत्या परवान्यावर ते प्रथम चालवले आणि १ मे २००२ पासून १०४.४ मेगाहर्ट्‌झवर ते नियमित सुरू झाले. स्वतः कलावंत असलेले स्वयंसेवक ते चालवतात. इराणी कलांना तेथे वेळ मिळतो, जे संगीत दुकानात विकले जाणार नाही त्याला मिळतो, आणि कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही मिळतो. तू पदवी घेतलीस हिशेबाची आणि ध्वनिमुद्रण शिकलास स्वतःच्या कानांनी. तुला तेथे घरच्यासारखे का वाटते, हे मला आता कळते.

पण मी वाढलो तो रेडिओ निराळा होता. बी. व्ही. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर गायक-वादकांसाठी ध्वनिचाचणी आणि बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी रूढ झाल्या. तो उंबरठा ओलांडताना भल्याभल्यांचे हात थरथरत. सांगली केंद्रावर मी नैमित्तिक निवेदक होतो, तेव्हा माझ्या संहितेवर एक ज्येष्ठ सहकारी पेन्सिलीने खुणा करीत: येथे ‘ष’ हवा, येथे श्वास घे, येथे घाई नको. त्या खुणांनी मला घडवले. माणूस स्वतःच शिकतो हे खरे आहे, परंतु स्वतःचा आवाज स्वतःला कधीच पुरता ऐकू येत नाही. त्यासाठी दुसऱ्याचा कान लागतो, आणि तो कान निष्ठुर असावा लागतो. कौतुक करणारे मित्र पुष्कळ मिळतात, अजित. त्यांच्यावर विसंबून राहिलेला कलावंत चाळिशीपर्यंत आहे तेथेच राहतो. तू रोज तासभर चांगले निवेदन ऐकले पाहिजेस, मोठ्याने वाचले पाहिजेस, आणि

हे व्याख्यान झाले. माफ कर. असे लिहायचे नव्हते.

उंबरठ्याची दुसरी बाजूही मला माहीत आहे, आणि ती मी आप्पांच्या घरात पाहिली आहे. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी केली. तिच्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींशी, म्हणजे सूक्ष्म स्वरांशी, जुळत नाहीत, अशी तेव्हाची कारणे होती. १९७१ मध्ये ती बंदी सैल होईपर्यंत माझे बालपण सरत आले होते. रात्री रेडिओवर ख्याल लागला, की गायकामागे सारंगी असे आणि आमच्या माजघरात आप्पांची पेटी. पट्टी जुळवून ते अख्खा राग साथ करीत. रेडिओवरच्या गायकाला ते कधी कळले नाही. आप्पांना कोणी गुरू नव्हता. पुढे तू त्यांच्या मांडीजवळ बसून भात्यावर कान ठेवायचास आणि तो टेपरेकॉर्डर घेऊन आत्याच्या शिलाईयंत्राचा आवाज टिपत घरभर हिंडायचास. आप्पा म्हणायचे, याला आवाज दिसतात.

परत ये, असे मी म्हणणार नाही. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, म्हणजे तेथील सामुदायिक रेडिओ, २००८ पासून गावच्या माणसांना बोलते करीत आहे, हे तुला माहीत आहेच. पण आपल्याकडे सामुदायिक रेडिओचा परवाना संस्थेलाच मिळतो; एकट्यादुकट्या कलावंताला किंवा चार मित्रांना मिळत नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे आपल्या निकालपत्रात लिहिले, तरीही. त्यामुळे जे तुला करायचे आहे ते तेथे करणे योग्यच आहे. फक्त ते पाइपवाले गृहस्थ पाहा. त्यांनी घाई केली नाही, हे मला ऐकताना जाणवले. प्रसारणापूर्वी तुझे काम एकदा त्यांना ऐकव, आणि काय खटकले ते विचार. ते सांगणार नसतील तर मला पाठव. मी सांगेन, आणि तू रागावलास तरी सांगेन.

काकांची सुनंदा पुढच्या महिन्यात लंडनला येत आहे. तिच्याबरोबर आप्पांच्या कॅसेटी पाठवत आहे. टेप चिकटलेली असेल, म्हणून लावण्याआधी हाताने एकदा पुढे-मागे फिरवून घे. दुसऱ्या बाजूला मारवा राग आहे. त्यात मध्येच तुझ्या आजीची हाक येते, ती कापू नकोस. तबल्यावर दत्तूमामा आहेत, त्यांचे नाव निवेदनात घे, आणि वाक्याचा शेवट पूर्ण उच्चार.

तुझा,
बाबा