प्रश्नोत्तरांना तेवढा वेळ नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षक संघटनेच्या 'सदस्य प्रशिक्षण मेळाव्या'ची कालची बातमी वाचली. फोटोत व्यासपीठावर सतरा जण मोजले, सगळे फेटा बांधलेले. बातमीच्या अगदी शेवटी एक ओळ होती : 'वेळेअभावी प्रश्नोत्तरे होऊ शकली नाहीत.' वार्ताहराचे आभार. तीच ओळ मथळ्यात घ्यायला हवी होती.

मी निवृत्त असलो तरी गेलो होतो, मागच्या दारापाशी उभा होतो. शेजारचे मास्तर 54 वर्षांचे. त्यांना एवढंच विचारायचं होतं की आता आपल्यालाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यावी लागणार का. वक्त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालावर चाळीस मिनिटं आवाज चढवला. पण निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असेल तर दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, कमी असेल तर नोकरी राहते पण टीईटीशिवाय बढती नाही, हे कोणी सांगितलं नाही. ते मी चहाच्या रांगेत सांगितलं. आमच्या कर्नाटकात साठाला निवृत्ती, म्हणजे यांची सहा वर्षं उरलेली. मास्तरांचा चहा हातातच गार झाला.

आणि म्हणे यापुढे छोट्या गटांतून प्रशिक्षण देण्याचा 'अभिनव उपक्रम' सुरू होणार! अहो, तीस वर्षांपूर्वी आमच्या जांबोटी भागात शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही सात-आठ मास्तर व्हरांड्यात बसायचो. मध्ये बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसातून आलेलं सुत्तोले, म्हणजे कन्नड परिपत्रक. ज्याचं कन्नड बरं तो एकेक ओळ वाचून मराठीत सांगायचा. शेवटी ज्याला सगळ्यात कमी कळलंय त्यानं सगळं पुन्हा सांगायचं. तो अडला की परत पहिल्या ओळीपासून. खर्च काय तो भडंगाचा.

त्याच सवयीनं परवा-परवाची एक गोष्ट निभावली. 1 एप्रिल 2006 च्या आधीच्या अधिसूचनेतून निवड झालेल्या, पण नंतर रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय देणारा कर्नाटक सरकारचा आदेश जानेवारी 2024 मध्ये निघाला. आमच्या ओळखीच्या एक बाई जुन्या पेन्शनच्या प्रत्येक मोर्चात घोषणा द्यायला पुढे. पण 'मी 2006 नंतरची, मला कुठलं लागू व्हायला' म्हणून त्यांनी तो आदेश वाचलाच नव्हता. एका संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं बसलो. बाईंनी ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला नेमणुकीचा आदेश काढला. वर संदर्भात अधिसूचनेची तारीख होती, 2005 ची. तिथं बोट ठेवलं. बाई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, 'कुकर तेवढा बंद करा कोणीतरी.' अर्ज मुदतीत गेला.

इतकी वर्षं वर्गणी भरणाऱ्या बाईंना हे संघटनेकडून कळायला हवं होतं की नको? मेळाव्यांना त्याही जातात. तिथं 'संघटित व्हा' ऐकून येतात. त्या झालेल्याच आहेत हो, पावत्या आहेत त्यांच्याकडे!

पदाधिकाऱ्यांना नम्र विनंती. गट करायचेच असतील तर आठाच्या वर माणूस घेऊ नका आणि फेटेवाल्याला वरांड्यावर चढू देऊ नका. सुत्तोलेची झेरॉक्स प्रत्येकाच्या हातात द्या. भडंग मी आणतो.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ता. खानापूर

ता. क. : आमच्याकडे आपला अंक पहिल्या बसनं येतो. बस चुकली की दुपारी दोनला. गेल्या आठवड्यात तीनदा चुकली. 'आज सकाळी प्रवास टाळा' हे भविष्य दुपारी वाचून मी काय करू?