पहिले शब्द

नरखेड तालुका, जि. नागपूर
१२ डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तुमच्या शाळेतील सात वर्षांच्या मुलीने एका शिक्षकाबद्दल घरी काही सांगितले आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणून तू तिला समोर बसवून सगळे खोदून विचारणार आहेस, हे वाचल्यावर मी संत्र्याची तोडणी मुलावर सोपवली आणि लिहायला बसलो. मित्रा, तिला काहीही विचारू नकोस.

आमच्या गावात काय झाले ते तुला ठाऊक आहे, परंतु त्यात माझा हात किती होता हे मी तुला कधी सांगितले नाही. ती मुलगी सहा वर्षांची होती आणि पहिल्या दिवशी ती एवढेच म्हणाली होती, "गुरुजीनं मले एकटीले बसवून ठेवलं." मग आजीने विचारले, मावशीने विचारले आणि तिसऱ्या दिवशी समितीचा सदस्य म्हणून मी विचारले, "गुरुजीनं तुले हात लावला ना? कुठं लावला, सांग बरं." ती नाही म्हणाली की आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारत होतो आणि मान हलवली की तिला जवळ घेत होतो. आठवडाभरात तिच्या सांगण्यात कुलूप लावलेली एक अंधारी खोली आली, जशी खोली आमच्या शाळेत कधीच नव्हती. ती खोटे बोलत नव्हती; सांगताना ती थरथर कापत असे. गुरुजी चौदा महिने तुरुंगात राहिले, निर्दोष सुटले आणि बिऱ्हाड घेऊन गाव सोडून गेले. मुलगी आता मोठी झाली आहे आणि ती खोली तिला अजून झोपेत दिसते.

मनात असे कसे रुजते, हे मला फार उशिरा, माझ्याच बाबतीत कळले. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाड बुडाले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या पहाटे मामाच्या माडीवरून मी तो लोंढा पाहिला, त्यात एक बंडी बैलांसकट वाहत गेली, असे मी तुलाही कितीदा सांगितले असेल. गेल्या वर्षी थोरल्या भावाने माझेच जुने पत्र काढून दाखवले. त्या आठवड्यात मी काटोलच्या वसतिगृहात होतो. बंडी मामाने पाहिली होती आणि त्याच्या तोंडून ऐकता ऐकता ती माझी झाली. ते पत्र हातात असतानाही मला बैलांची शिंगे दिसत होती.

एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे प्रयोगाने दाखवले आहे. १९७४ मध्ये त्यांनी लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली आणि वेग विचारताना काहींसाठी साधा 'धडकल्या' हा शब्द वापरला, तर काहींसाठी त्याहून जोराचा, चक्काचूर सुचवणारा. फुटलेली काच चित्रफितीत नव्हती, तरी आठवड्यानंतर साध्या शब्दाच्या गटातील ५० पैकी ७ जणांना ती आठवली आणि जोराच्या शब्दाच्या गटातील ५० पैकी १६ जणांना. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालशाळेच्या प्रकरणात १९८३ पासून शेकडो मुलांना असेच सुचवून सुचवून विचारले गेले, मुलांनी जमिनीखालच्या भुयारांपर्यंत सांगितले आणि १९९० मध्ये खटला संपला तेव्हा एकही आरोप सिद्ध झालेला नव्हता.

यावरून "पोरी काहीही सांगतात" असे म्हणणारे तुझ्या गावात उद्या उभे राहतील, त्यांना अजिबात थारा देऊ नकोस. अत्याचार सोसलेली कितीतरी मुले वर्षानुवर्षे तोंड उघडत नाहीत. तुझ्या गावची मुलगी आपणहून बोलली आहे आणि तिचे म्हणणे खरे असेल, तर तुझ्या प्रश्नांनी तेच गढूळ होईल. उद्या बचावाचा वकील विचारील की हे शब्द मुलीचे की अध्यक्षांचे, आणि तुझ्याजवळ उत्तर नसेल.

आधी आपण खात्री करू आणि मग कळवू, असे समितीतील लोक म्हणतील, कारण आम्हीही तेच म्हणालो होतो. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असा संशय आला की पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. खात्री करणे आपले काम नव्हे. मुलीचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलीच्या घरी किंवा तिला बरे वाटेल तिथे घ्यायचा असतो. जबाब घेणारीने "काय झालं ते सांग" एवढेच म्हणून थांबावे, असा आग्रह तू धरू शकतोस. तोवर त्या शिक्षकाला वर्गापासून दूर ठेव, पण चौकात त्याचे नाव घेऊ देऊ नकोस.

तिने पहिल्यांदा जे सांगितले ते तिच्या आईला विचार आणि मुलीच्याच बोलीत, एकही शब्द न सुधारता, तारीख घालून कागदावर उतरव. आमच्या गावात असा कागद कोणी केला नाही. मी रविवारी सकाळच्या एसटीने येतो. पोलीस ठाण्यात जायला मात्र माझी वाट पाहू नकोस, उद्याच जा.

तुझा,
जुना सोबती