एकच रूब्रिक सगळ्या कामांना कसं पुरेल?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं रूब्रिक, म्हणजे मुलांच्या कामात काय बघून किती गुण द्यायचे ते ठरवणारा तक्ता, नीट वाचलं. विषयज्ञान, मांडणी, भाषा, सर्जनशीलता, नीटनेटकेपणा अशा पाच ओळी, चार रकाने, प्रत्येक ओळीला चार गुण. आणि हाच तक्ता निबंधाला, प्रयोगवहीला, गटप्रकल्पाला नि भाषणालाही लावायचा. तू विचारलंस, रूब्रिकचा खरंच काही उपयोग असतो की नुसते कागद रंगवायचे? उपयोग असतो. पण या तक्त्याचा नाही.

आधी बेरीज करून बघ. एखाद्याला विषयच कळलेला नाही, म्हणून पहिल्या ओळीत एक गुण. बाकी सगळं झकास, चार-चार. झाले वीसपैकी सतरा, म्हणजे ८५ टक्के! पाचही ओळी सारख्या ठेवल्या की समास सोडण्याला आणि विषय समजण्याला एकच भाव येतो. मुलं हे आपल्याआधी ओळखतात. मग वहीला कव्हर चढतं, शीर्षकं रंगीत पेनानं येतात आणि आत काय लिहिलंय ते राहतं बाजूला.

तरीही 'माझा अनुभव पुरेसा आहे, वही हातात घेतली की कळतं' असं म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. अमेरिकेत १९१२ साली स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडे तपासायला पाठवली. कुणी तिला शंभरपैकी ६४ गुण दिले, कुणी ९८. भाषेत असं चालायचंच, असं कुणीही म्हणेल. पण पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, तर तिथे फरक आणखी वाढला. १९६१ मध्ये पॉल डीडरिक या अमेरिकन संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ वाचकांपुढे ठेवले. वाचकांत शिक्षक होते, तसे वकील आणि संपादकही होते. निकष मुद्दामच दिले नव्हते, फक्त नऊ श्रेणी होत्या. त्यातल्या १०१ निबंधांना नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या! मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. हे वाचक वाट्टेल तसे गुण देत नव्हते. त्यांचे गट पडत होते. कुणी विचार बघत होतं, कुणी रचना, कुणी शुद्धलेखन, कुणी शब्दयोजना, तर कुणाला लेखनाचा बाज भावत होता. प्रत्येक जण आपल्या परीनं प्रामाणिक होता, फक्त निबंधात काय बघायचं ते आधी ठरलेलं नव्हतं. रूब्रिकनं एवढंच काम करायचं असतं, आणि ते प्रत्येक प्रकारच्या कामासाठी वेगळं करावं लागतं.

आता तुझ्या तक्त्यातली भाषा बघ. 'मांडणी अत्यंत प्रभावी', 'प्रभावी', 'काहीशी प्रभावी', 'प्रभावी नाही'. ही विशेषणांची उतरंड झाली. मतभेद आकड्यात होता, तो विशेषणात नेऊन ठेवला. दुसरं टोक म्हणजे मोजदाद: 'किमान पाच मुद्दे', 'किमान तीन उदाहरणं'. मुलं पाच मुद्दे देतात. त्यातला चौथा पहिल्याचाच जुळा भाऊ असतो, पण तक्त्याप्रमाणे पूर्ण गुण द्यावे लागतात.

वैचारिक निबंधाची एक ओळ मी कशी लिहितो ते सांगतो. ओळीचं नाव 'युक्तिवाद'. सगळ्यात खालच्या रकान्यात: मत सांगितलंय, कारण नाही. त्याच्या वर: कारणं आहेत, पण एकेक सुटं, क्रम बदलला तरी फरक पडत नाही. त्याच्या वर: एक कारण दुसऱ्याला आधार देतं, पुरावा नेमक्या जागी येतो. सगळ्यात वर: विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतलाय आणि त्याला उत्तर दिलंय. यात कुठे 'उत्तम' नाही, 'छान' नाही. वहीत बोट ठेवून दाखवता येईल एवढंच लिहायचं. मुलानं विचारलं, 'सर, मला तिसरा रकाना का?' तर परिच्छेद दाखवता आला पाहिजे.

प्रयोगाचं गणित निराळं. साध्या दोलकाचा प्रयोग घे. एका मुलीच्या वहीत दोलनकालाचा (एका झोक्याला लागणाऱ्या वेळाचा) वर्ग आणि लांबी यांचा आलेख सरळ आला, पण आरंभबिंदूतून जाईना. तुझ्या तक्त्यानं तिचे गुण कापले असते, कारण 'अपेक्षित निष्कर्ष' आला नाही. तिनं खाली लिहिलं होतं: दोरीची लांबी मी गोलकाच्या वरच्या टोकापर्यंत मोजली, मध्यापर्यंत मोजायला हवी होती, त्यामुळे प्रत्येक लांबी त्रिज्येएवढी कमी धरली गेली, रेषा वर सरकली, पण चढ तोच राहिला, म्हणून गुरुत्वत्वरण बरोबर निघतं. शेजारच्या वहीत आलेख अगदी आरंभबिंदूतून गेलेला, आणि निरीक्षणं इतकी देखणी की ती घड्याळ लावून आली की सूत्र लावून, असा प्रश्न पडावा. या दोन वह्यांतला फरक पकडू न शकणारं रूब्रिक प्रयोगाला काय कामाचं? म्हणून तिथे माझ्या ओळी अशा: मोजणी कशी केली (एकच दोलन मोजलं की वीस मोजून भागलं, कोन लहान ठेवला का), निरीक्षणं जशी आली तशी नोंदली का, आणि न जुळलेल्या गोष्टीचं काय केलं. शेवटच्या ओळीला सगळ्यात जास्त वजन. भाषेची ओळच नाही. वाक्य समजलं की झालं.

गणिताला फार सांगत नाही. रीत आणि उत्तर वेगळं मोज. पहिल्या पायरीवर वजाबाकी चुकली आणि पुढचं सगळं त्या चुकीच्या आकड्याशी सुसंगत असेल, तर एकदाच गुण काप.

भाषण आणि सादरीकरण यात अडचण वेगळी आहे: ते मागे उलटून बघता येत नाही. मूल बोलत असताना तू सात ओळी भरत बसलास तर ऐकणार कधी? तीन ओळी पुरे. ऐकणाऱ्याला मुद्दा कळला का, दाखवलेली चित्रं किंवा आकडे बोलण्याला जोडलेले होते का, आणि प्रश्न विचारल्यावर काय झालं. ही तिसरी ओळ मला फार आवडते, कारण पाठांतर तिथेच उघडं पडतं. 'आत्मविश्वास' ही ओळ मी ठेवत नाही. लाजाळू पोरांना स्वभावाचा दंड का म्हणून? आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला की नाही एवढं बघावं, आणि नसेल तर तिथल्या तिथे 'जरा मोठ्यानं' म्हणावं.

गटप्रकल्पाचं दुखणं तुला ठाऊक आहेच. एक राबतो, तिघांची नावं लागतात. प्रकल्पाचं एक रूब्रिक आणि प्रत्येकाचं एक, असे दोन वेगळे कागद कर. दुसऱ्यासाठी कामाची नोंदवही आणि दोन मिनिटांची तोंडी चौकशी: 'हा भाग तू केलास ना? मग दुसरा पर्याय का सोडलात?' केलेल्याला सांगता येतं. न केलेला छताकडे बघतो.

कवितेपाशी मात्र मी हात टेकतो. प्रतिमा चार गुण, लय चार गुण असं करायला गेलं की कविता तुकड्यांत मरते. तिथे मी एकाच रकान्याचं रूब्रिक वापरतो: मधे अपेक्षा लिहिलेली, डावीकडे काय अजून जमलेलं नाही ते, उजवीकडे काय अपेक्षेपलीकडे गेलंय ते, आणि दोन्ही बाजू कोऱ्या. तिथे हातानं लिहावं लागतं. वेळ जातो, जाऊ दे.

आता करायचं कसं? कोऱ्या कागदापासून सुरुवात करू नकोस. गेल्या वर्षीच्या वह्या घे, नावं झाक, गुण न देता तीन-चार ढीग लाव. मग स्वतःला विचार, ही वही त्या ढिगात का नाही? जे उत्तर येईल ते तुझ्या रकान्यातलं वाक्य. तपासताना एकेक वही संपवण्यापेक्षा एकेक ओळ संपव: आधी सगळ्यांचा युक्तिवाद, मग सगळ्यांची रचना. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकनं १९२० मध्येच दाखवलं होतं की माणसाचा एक गुण डोळ्यात भरला की बाकीचेही आपण त्याच रंगात बघतो. सुंदर अक्षराच्या बाबतीत तर हे तुझ्या-माझ्या रोजच्या अनुभवातलं आहे.

आणि काम द्यायच्या दिवशीच रूब्रिक मुलांच्या हातात दे, सोबत जुन्या दोन वह्या दे आणि त्यांनाच तपासायला लाव. तपासून झाल्यावर मात्र गुण लगेच सांगू नकोस. संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. शेरा आणि गुण दोन्ही मिळालेली मुलं नुसते गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. आकडा दिसला की शेरा कोण वाचतो! मी ओळींवर खुणा करून वही परत देतो, दुरुस्तीला वेळ देतो आणि मग आकडा सांगतो. मुलं कुरकुरतात, पालकही. चालायचंच.

मुख्याध्यापकांना तक्ता एकच हवा असेल तर वरचा मथळा आणि चार रकाने समान ठेव, ओळी कामाप्रमाणे बदल. प्रगतिपुस्तकात भरायला त्यांना तेवढं पुरतं. आणि नीटनेटकेपणा ही ओळ काढायला ते तयार नसतील, तर तिला एक गुण दे नि विषय संपव.

तुझ्या वर्गातल्या निबंधाच्या काही वह्यांच्या प्रती मला पाठव, नावं आणि तुझे गुण झाकून. माझी युक्तिवादाची ओळ लावून मी तपासतो, तूही तीच ओळ लावून तपास. जिथे आपल्यात दोन रकान्यांचा फरक पडेल त्या वह्या घेऊन रविवारी फोनवर बसू. भांडण झालं तर ओळ पुन्हा लिहायची.

तुझा,
जुना बाकमित्र