पाण्याच्या दिवशी सुट्टी

प्रिय अक्का,

सप्रेम नमस्कार. तुम्ही तेलुगू भराभर वाचता, मराठी सावकाश. म्हणून हे पत्र नातीकडून वाचून घ्या. समोर बसून आभार मानले असते तर "उगं काय वहिनी" म्हणत तुम्ही बिड्या वळायचं सूप मांडीवर ओढलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. त्यापेक्षा चारचौघांत लिहिलेलं बरं.

गेल्या वर्षी २ जानेवारीला तुम्ही विरजण मागायला आला होतात. फ्रिजवर माझी नव्या वर्षाची यादी चिकटवलेली होती. घरात तिच्याकडे आता कुणी बघतही नाही. तुम्ही मात्र म्हणालात, वाचून दाखवा. पहाटे पाचला उठणे, रोज तासभर चालणे, दहा किलो वजन कमी, साखर बंद, रोज वीस पानं वाचन, इंग्रजी बोलायला शिकणे, चिडणे बंद... अकरा कलमं होती. सगळी ऐकून तुम्ही एवढंच विचारलंत, "पाण्याच्या दिवशी काय करणार?"

मी गप्प. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, ते कधी पहाटे, कधी भलत्याच वेळी. पिंप, कळशा, मोटार, त्या दिवशी दुसरं काही सुचत नाही. आणि माझ्या यादीत तो दिवसच नव्हता. ती यादी मी कुणा दुसऱ्याच बाईसाठी लिहिली होती. त्या बाईच्या घरी चोवीस तास पाणी असणार, सासरे कधी पडणार नाहीत आणि टॉवेलच्या कारखान्यात मार्चअखेरचे हिशेबही तिला नसणार.

मग तुम्ही तुमचा हिशेब सांगितलात. चांगल्या दिवशी हजार बिड्या होतात. पाण्याच्या दिवशी सहाशे धरायच्या, घरात कार्य असलं की तीनशे. "तीनशे म्हणजे शून्य नाही की वहिनी." मी वीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिते, पण दिवस बघून आकडा ठरवायचा हे कधी सुचलं नव्हतं.

त्याच बसण्यात अकरातली आठ कलमं खोडली. उरली तीन: चालणं, चहातली साखर, झोपण्यापूर्वी दोन पानं. सुरुवातही गड्ड्यानंतर, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेनंतर, करायची ठरली. भोगीला अक्षता, संक्रांतीला होम, पाहुण्यांची ये-जा, त्यात तिळगूळ आणि शेंगापोळी. त्या आठवड्यात साखर सोडणारी मी कोण लागून गेले? आणि पहिल्या महिन्यात चालायचं ते फक्त गल्लीच्या टोकापर्यंत. मला ते इतकं थोडं वाटलं की लाज वाटली. पण थोडं होतं म्हणूनच रोज जमलं, हेही खरं.

लेक नर्सिंगला आहे. तिने सांगितलं की जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आठवड्याला, रोजचा असा ठरलेला आकडा नाही. म्हणजे पाण्याच्या दिवशी सुट्टी घेतली तरी हिशेब बसतो! एकवीस दिवसांत सवय लागते हेही ऐकीवच म्हणे. लंडनच्या एका विद्यापीठाच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ लागले तर कुणाला २५४. मी अर्थातच २५४ वाल्यांतली.

पण अक्का, खरे आभार आहेत ते मे महिन्याचे. पारा ४२-४३ वर, सासरे न्हाणीत घसरले, दवाखाना झाला. एकोणीस दिवस मी उंबऱ्याबाहेर चालायला म्हणून पाऊल टाकलं नाही. तुमच्या दारावरून जायला नको म्हणून कामावरून मागच्या बोळातून घरी यायचे. शेवटी तुम्हीच आलात, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. "आज किती?" "शून्य." मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही म्हणालात, "मग उद्या डबल करू नका." कालच्या उरलेल्या बिड्या आज भरून काढायला गेलं की हात घाईत चालतो, वळणं सैल पडतं, आणि द्यायला गेल्यावर त्याच बाजूला काढतात. कालचंही जातं, आजचंही जातं. एवढं सांगून तुम्ही सासऱ्यांच्या पायाची चौकशी करायला आत गेलात.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंतच गेले. आयुष्यात पहिल्यांदा एखादी मोडलेली गोष्ट मी पुढच्या १ जानेवारीची वाट न बघता परत धरली.

वर्षाचा जमाखर्चही सांगते. आठवड्यातून चार दिवस चाळीस मिनिटं चालते, रविवारी सिद्धेश्वर तलावापर्यंत. वजन तीन किलोनं उतरलं, दहा नाही. चहात साखर दोन चमच्यांची अर्धा चमचा झाली. वर्षभरात पुस्तकं दोन झाली, तिसरं अर्धं आहे. इंग्रजी राहिलंच, आणि त्याचं वाईट वाटत नाही. चिडणं आहे तसंच आहे, घरच्यांना विचारा.

यंदाच्या यादीत तीनच ओळी आहेत. तिसरी तुमच्याबद्दल आहे: सूप घेऊन बसून बसून तुमची पाठ धरते, तेव्हा संध्याकाळी तुम्हीही माझ्याबरोबर यायचं. गल्लीच्या टोकापर्यंतच. गड्डा झाल्यावर.

उद्या पाण्याचा दिवस, म्हणून पत्र आजच उरकलं. नळ आधी तुमच्याकडे आला तर भिंतीवर थाप मारा.

तुमची,
शेजारची वहिनी