मागण्याचे ओझे रुग्णावर नको

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझे वय 24 वर्षे असून दोन्ही किडन्या निकामी झाल्यामुळे मी आठवड्यातून तीनदा, दर खेपेला सुमारे चार तास डायलिसिस घेतो. सुया, पाण्यावरचे निर्बंध, मशीनवरून उठल्यानंतरचा थकवा हे सारे सोसता येते; पण जवळच्या माणसाला ‘तुझी एक किडनी मला देशील का’ असे विचारायला माझी जीभ आजवर रेटलेली नाही.

आईवडिलांना विचारावेच लागले नाही. मात्र वडील मधुमेहामुळे बाद ठरले आणि आईचा रक्तगट जुळूनही क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे दोघांचे रक्त एकत्र तपासण्याच्या चाचणीत, तिच्या पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडे माझ्या रक्तात आढळली, त्यामुळे तिचीही किडनी घेता आली नाही. त्यानंतर घरी येणारी मंडळी तब्येत विचारतात, जरा थांबतात आणि विषय बदलतात. त्यांना मी दोष देत नाही, कारण एका किडनीवर माणूस कसा जगतो हे अनेकांना खरोखरच माहीत नसते. 23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टनमध्ये आपल्या जुळ्या भावाला किडनी देणारा तरुण त्यानंतर 56 वर्षे जगला. उरलेली किडनी आकाराने थोडी वाढून बरेचसे काम सांभाळून घेते आणि आता शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होते. तरीही धोका शून्य नाही, हे लपवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते: दात्याला पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात, रक्तदाब आयुष्यभर तपासत राहावा लागतो आणि पुढे गर्भधारणा झाल्यास रक्तदाबाच्या गुंतागुंतीची शक्यता थोडी वाढते.

अखेर माझ्या मावसबहिणीने विचारण्याचे काम स्वतःकडे घेतले. चाचणीला येणे म्हणजे वचन देणे नव्हे, शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत माघार घेता येते, हे ती प्रत्येकाला आधी सांगते. कोणी मागे फिरल्यास अनेक ठिकाणी डॉक्टर रुग्णाला फक्त ‘दाता योग्य ठरला नाही’ एवढेच कळवतात, कारण सांगत नाहीत. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. रक्तगट जुळला नाही तरी अशाच अडचणीतल्या दुसऱ्या जोडीशी अदलाबदल करण्याचा मार्ग असतो, हेही पुष्कळांना तिच्याकडूनच प्रथम कळले. ज्यांच्या घरी असा तरुण रुग्ण आहे, त्यांच्यातल्या एखाद्याने त्याच्या वतीने हे बोलणे हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दिलेली किडनी किती टिकेल, हा दात्यांच्या मनातला प्रश्न मात्र रास्त आहे. जिवंत दात्याची किडनी सरासरी 15 ते 20 वर्षे काम देते, म्हणजे माझ्या वयाच्या रुग्णाला पुढे दुसरीही लागू शकते. शिवाय मिळालेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या चुकवल्यामुळे ती गमावण्याचे प्रमाण तरुणांत अधिक आहे. म्हणून आत्ताच्या गोळ्यांच्या वेळा मी एकही न चुकवता पाळतो आणि ती नोंद कोणत्याही इच्छुक दात्याला दाखवायला तयार आहे.

मावसबहिणीच्या वहीत आजवर तीन नावे आली आहेत. त्यांपैकी एकाने विचाराअंती स्वतःहून मला नकार कळवला, आणि आम्ही पूर्वीसारखेच रोज बोलतो.

आपला विश्वासू,
एक वाचक